जुन्या गाडीत पॅसेंजर सीटच्या एअरबॅग सेन्सरचा फॉल्ट: सेन्सर बदलायच्या आधी काय काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की सात वर्षं जुनी गाडी घेतली, दोन महिने नीट चालली आणि आता मीटरमधली एअरबॅगची लाइट लागूनच राहते, शेजारी मोठं माणूस बसलं तरी 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ' तसंच दिसतं, स्कॅन करणारा म्हणतो सीटमधला सेन्सर गेला, अख्खी सीट बदला, आणि दुसरा एकजण म्हणतो एक छोटा बायपास मिळतो तो लावा, पाच मिनिटांत लाइट जाईल. मी अठरा वर्षं गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतोय आणि त्यात एअरबॅगचं काम बरंच येतं, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो, शांतपणे वाचा.

आधी बायपासचं बोलू कारण ते सगळ्यात तातडीचं आहे. तो लावू नका. त्या बायपासमध्ये असतं काय, तर एक रेझिस्टर किंवा छोटं सर्किट, जे गाडीला सतत सांगत राहतं की सीटवर मोठं माणूस बसलंय. सीट रिकामी असो, सामानाची पिशवी असो, चार वर्षांचं पोर असो, गाडीला मोठं माणूसच दिसणार. आणि हा सेन्सर गाडीत आलाच मुळी लहान मुलांसाठी. एअरबॅग साधारण ३० ते ५० मिलिसेकंदात भरते, म्हणजे डोळ्याची पापणी लवायच्या आत, आणि ती बाहेर येते तेव्हा तिचा वेग ताशी २०० ते ३०० किलोमीटरपर्यंत असू शकतो. बेल्ट लावून नीट मागे टेकून बसलेल्या मोठ्या माणसाला ती वाचवते, पण डॅशबोर्डच्या जवळ असलेल्या लहान मुलाच्या डोक्यावर आणि मानेवर तोच मार बसतो. अमेरिकेत १९९० ते २००८ या काळात कमी वेगाच्या धडकांमध्ये समोरच्या एअरबॅगच्याच माराने २९० पेक्षा जास्त माणसं गेली, त्यात लहान मुलंही होती, आणि यातले बहुतेक मृत्यू १९९८ च्या आधी बनलेल्या गाड्यांमधले होते. त्यानंतर तिथे नियम कडक झाला, २००३ पासून टप्प्याटप्प्याने लागू झाला आणि सप्टेंबर २००६ पासून बनलेल्या सगळ्या कार आणि हलक्या गाड्यांना तो पाळावाच लागला. सीटवर कोण बसलंय ते ओळखणारी यंत्रणा त्यामुळेच सगळीकडे पसरली.

मी स्वतः एकदा असा बायपास काढलाय. एक जुनी गाडी आली होती, तक्रार एअरबॅगची नव्हतीच, पुढची सीट मागेपुढे सरकत नव्हती म्हणून आणलेली. सीट कलती केली तर रेलमध्ये एक लाल खडू अडकलेला, अर्धा झिजलेला, लहान मुलं रंगवायला घेतात तसला. आणि त्याच्याच बाजूला, कार्पेटच्या खाली, सेन्सरच्या दोन्ही वायरी कापून त्यांना एक बारीक रेझिस्टर डकवलेला आणि वरून काळी टेप, उन्हाने टेपचा गोंद वितळून सगळं चिकट झालेलं. गाडी ज्यांनी घेतली होती त्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, आधीच्या मालकाने लाइट घालवून गाडी विकली होती. मी विचारलं खडू कोणाचा, ते म्हणाले मुलीचा, पुढेच बसते ती शाळेत जाताना. त्यांना तो रेझिस्टर हातात देऊन समजावून सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोललेच नाहीत. म्हणून बायपासचं नाव कोणी काढलं की मी आधी हे सांगतो.

आणि हो, तुमची गाडी दुरुस्त होईपर्यंत त्या सीटवर मुलांना बसवू नका आणि शक्यतो मोठ्यांनीही मागे बसा, कारण फॉल्ट असताना काही गाड्या पॅसेंजर एअरबॅग पूर्ण बंद करतात आणि काही गाड्या उलट ती चालूच धरतात, बाहेरून बघून सांगता येत नाही. मुलं १३ वर्षांची होईपर्यंत मागेच बसलेली बरी, सेन्सर चांगला असला तरीसुद्धा.

आता दुरुस्तीचं. माझ्याकडे 'सेन्सर गेलाय' म्हणून ज्या गाड्या येतात त्यातल्या बऱ्याच गाड्यांत सेन्सर ठणठणीत असतो, बिघाड दुसरीकडेच असतो. स्कॅनर जो कोड दाखवतो तो कोड म्हणजे पार्टचं नाव नव्हे हे आधी डोक्यात पक्कं बसवा. कोड सांगतो की त्या सर्किटमध्ये काहीतरी जमत नाहीये, सर्किट म्हणजे सेन्सर, वायर, कनेक्टर, अर्थिंग, मॉड्यूल (म्हणजे त्यांना सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) सगळंच आलं.

पण वायरिंगला हात लावायच्या आधी एक फुकटचं काम करा. गाडीचा चॅसी नंबर कंपनीच्या वेबसाइटवर टाकून रिकॉल आहे का बघा. या सेन्सरचे मोठमोठे रिकॉल झालेत. निसानने २०१६ मध्ये अमेरिकेत ३० लाखांच्या वर गाड्या परत बोलावल्या, त्यांची यंत्रणा मोठ्या माणसालाही ओळखत नव्हती आणि एअरबॅग बंद राहायची. टोयोटाने डिसेंबर २०२३ मध्ये जगभरातल्या सुमारे ११ लाख गाड्यांचा रिकॉल काढला, सेन्सरमध्ये शॉर्ट सर्किट व्हायची शक्यता होती. होंडाने फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेत साधारण साडेसात लाख गाड्या बोलावल्या, त्यात सीटमधल्या वजनाच्या सेन्सरला तडा जाऊन शॉर्ट होत होता आणि नको तिथे एअरबॅग उघडू शकत होती. सेकंडहँड गाडीत काय होतं, रिकॉलचं पत्र जातं पहिल्या मालकाच्या पत्त्यावर, तुम्हाला ते कळतच नाही. रिकॉल असेल तर काम कंपनी फुकट करते. त्याच वेळी टाकाटा कंपनीच्या इन्फ्लेटरचा रिकॉल बाकी आहे का तेही बघून घ्या, तो सेन्सरचा नाही, एअरबॅग फुगवणाऱ्या डब्याचाच आहे आणि जास्त गंभीर आहे.

दुसरं, तुमच्या गाडीत नेमकी कुठली पद्धत आहे ते माहीत असल्याशिवाय पुढे जाता येत नाही. काही गाड्यांत सीटमध्ये फक्त बेल्टची आठवण करणारा साधा सेन्सर असतो, एअरबॅगशी त्याचा काही संबंध नसतो, आणि पॅसेंजर एअरबॅग बंद करायला डॅशबोर्डच्या कडेला किंवा ग्लोव्ह बॉक्समध्ये चावीचा स्विच असतो. अशा गाडीत आधीच्या मालकाने बेबी सीटसाठी तो ऑफ करून ठेवलेला असतो आणि नवीन मालक सेन्सर शोधत बसतो. पॅसेंजरचं दार उघडून त्या बाजूने डॅशबोर्डची कड एकदा बघा. पण तुमच्याकडे मुख्य लाइटही लागलीये म्हणजे फॉल्ट खरा आहे, नुसता स्विच नाही.

सीटवर कोण बसलंय ते ओळखणाऱ्या पद्धती साधारण चार. एक म्हणजे मॅट, दोन पातळ प्लॅस्टिक शीट आणि त्यात छापलेल्या बारीक पट्ट्या, दाब आला की रेझिस्टन्स बदलतो. जर्मन गाड्यांत ही खूप आढळते आणि हीच सगळ्यात जास्त तुटते, कारण लोक सीटवर गुडघा टेकवून मागचं सामान काढतात, सगळं वजन एका ठिकाणी येतं आणि पट्टीला तडा जातो. दुसरी म्हणजे जेल भरलेली सिलिकॉनची पिशवी, तिच्यातून एक नळी प्रेशर सेन्सरला जाते. तिसरी लोडसेल, सीटच्या सांगाड्याच्या चार कोपऱ्यांत वजन मोजणारे चार सेन्सर, वजनकाट्यासारखे. चौथी कपॅसिटिव्ह, ती वजन मोजतच नाही, अंगामुळे विद्युत क्षेत्रात पडणारा फरक ओळखते, म्हणून ओल्या सीटवर ती गोंधळते. पाऊस लागला, सीटवर पाणी सांडलं, सीट शॅम्पूने धुतली आणि लगेच लाइट लागली असेल तर आधी सीट दोन-तीन दिवस पूर्ण सुकू द्या.

कुठलीही पद्धत असो, आधी सोप्या गोष्टी संपवा. सीटवरचं जाड कव्हर काढा, वरची गादी काढा, मागच्या खिशातलं सामान काढा, सीटखाली काही कोंबलेलं असेल जे बैठकीला खालून वर ढकलतंय ते काढा, सीटची पाठ सरळ करा, आणि मोठं माणूस नीट मधोमध बसवून बघा. बॅटरी मोजा, गाडी बंद असताना १२.४ ते १२.६ व्होल्टच्या आसपास असायला पाहिजे आणि इंजिन चालू असताना साधारण १४ च्या जवळपास. बॅटरी मरायला टेकली की स्टार्ट मारताना व्होल्टेज इतकं पडतं की मॉड्यूलं एकमेकांशी बोलणं सोडतात आणि एअरबॅगचा कोड बसून राहतो, अशा गाडीत सेन्सर बदलून काहीही होत नाही. अजून एक, सीटचं कुशन नवीन करून घेतलंय का ते शिवणीवरून बघा. लेदर चढवताना कुशनवाला फोमवर अजून एक थर टाकतो, किंवा मॅट मध्ये येते म्हणून ती दुमडून परत आत घालतो, त्याला माहीत नसतं ती काय आहे. जुन्या गाडीत नवीकोरी लेदर सीट दिसली की मला आधी हीच शंका येते.

मग स्कॅनर. साधा स्वस्तातला जो मिळतो तो फक्त इंजिनचे कोड वाचतो, एअरबॅग मॉड्यूल वाचणारा लागतो, आणि नुसतं एअरबॅग मॉड्यूल वाचून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत सीटच्या सेन्सरचं स्वतःचं वेगळं मॉड्यूल असतं, मुख्य मॉड्यूल फक्त एवढंच सांगतं की सीटवाला तक्रार करतोय. टोयोटात बी१६५० हा कोड असाच आहे, त्यातून इतकंच कळतं की प्रवासी ओळखणाऱ्या यंत्रणेत फॉल्ट आहे, नेमकं काय ते सीटच्या मॉड्यूलच्या आत जाऊन बघायचं असतं. बरेच जण इथेच थांबतात आणि सीट बदला म्हणून सांगतात. तुम्हाला ज्याने सीट बदला सांगितलं त्याला विचारा की सीटच्या मॉड्यूलमधला कोड कुठला होता, आणि तो करंट होता (म्हणजे बिघाड आत्ता चालू आहे) का हिस्टरी (म्हणजे आधी येऊन गेलेला), आणि त्याच्यापुढे ओपन (म्हणजे सर्किट तुटलेलं) लिहिलं होतं, शॉर्ट, जास्त रेझिस्टन्स की नो कम्युनिकेशन. याचं उत्तर त्याच्याकडे नसेल तर त्याने तपासलंच नाही. आणि कोड लिहून घेतल्याशिवाय क्लिअर करू देऊ नका, तो एकदा पुसला की बिघाड कधी आला, किती वेळा आला हे सगळं गेलं.

कोडपेक्षाही मला लाइव्ह डेटा, म्हणजे सेन्सर त्या क्षणी काय वाचतोय ते स्कॅनरवर बघणं, जास्त उपयोगी पडतो. त्यात वजन किंवा 'रिकामी, लहान, मोठं' असं काहीतरी दिसतं. एकजण सीटवर बसवायचा, आकडा बघायचा, मग सीट अगदी हळू मागेपुढे सरकवायची आणि आकड्यावर नजर ठेवायची. एखाद्या जागी आकडा एकदम शून्य झाला किंवा उडाला की समजायचं वायर तिथे ताणली जातीये, सेन्सर नाही.

आता सीटखाली हात घालायच्या आधी. इग्निशन बंद, चावी बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह केबल काढून बाजूला बांधून ठेवा आणि थांबा. धडकेत बॅटरी तुटली तरी एअरबॅग उघडावी म्हणून मॉड्यूलच्या आत कपॅसिटर असतात, ते रिकामे व्हायला वेळ लागतो. टोयोटा ९० सेकंद सांगते, कोणी ३ मिनिटं सांगतं, कोणी १०, तुमच्या गाडीचं मॅन्युअल काय सांगतं ते बघा, मी स्वतः कुठलीही गाडी असो १५ मिनिटं थांबतो, तेवढ्यात हत्यारं काढून होतात. सीटच्या पाठीत साइड एअरबॅग असते आणि बेल्ट आवळणारा प्रीटेन्शनर काही गाड्यांत बकलजवळच असतो, या दोन्हींत स्फोटक असतं. त्यांच्या पिवळ्या कनेक्टरला मल्टीमीटर कधीही लावायचा नाही, टेस्ट लॅम्प तर स्वप्नातही नाही. त्यातल्या पेटवणाऱ्या वातीचा रेझिस्टन्स जेमतेम २ ओहमच्या आसपास असतो, तिला पेटायला फार करंट लागत नाही. ते काम स्कॅनरवर सोडायचं. हात लावायच्या आधी गाडीच्या उघड्या लोखंडाला एकदा स्पर्श करून अंगातलं स्टॅटिक घालवायचं. आणि सीटचा कनेक्टर सुटा असताना इग्निशन चालू करायचं नाही, नाहीतर नवीन कोड तुम्हीच तयार करता.

यातलं काही जमणार नाही असं वाटलं तर इथेच थांबा, यात काहीच कमीपणा नाही. इथून पुढचं वाचून निदान मेकॅनिकला काय विचारायचं ते कळेल.

माझ्या मते जुन्या गाडीत सगळ्यात जास्त वेळ द्यायची जागा म्हणजे सीटखालचा कनेक्टर. तो सीटच्या सांगाड्याला एका प्लॅस्टिक क्लिपने अडकवलेला असतो. कधीतरी कोणीतरी सीट काढतं, क्लिप तुटते, आणि मग तो कनेक्टर नुसता लोंबकळत राहतो. सीट सरकली की तो ओढला जातो, गाडी हादरली की आतल्या पिना एकमेकींवर केसाएवढ्या घासत राहतात. असं हजारो वेळा झालं की पिनेवरचा मुलामा जाऊन काळी भुकटी तयार होते, दिव्याखाली धरलं तर पिनेच्या टोकाला एक बारीक काळा ठिपका दिसतो, बस एवढाच. हेडलाइटच्या सर्किटमध्ये एवढ्याशा काळ्याने काही अडत नाही, तिथून भरपूर करंट जातो, पण या सर्किटमध्ये करंट अगदी मिलिअँपमध्ये असतो, तो ठिपका त्याला भिंतीसारखा वाटतो. मॉड्यूलला दोन-तीन ओहम जास्त दिसले की एअरबॅगच्या सर्किटला ते खपत नाही आणि लाइट लावून टाकतं.

एक गाडी आठवते, मालकाचं म्हणणं लाइट फक्त उतारावर लागते, चढावर कधीच नाही, आणि सपाटीवर कधीमधी. दोन ठिकाणी दाखवून झालं होतं, एका ठिकाणी मॅट पण बदलून झाली होती. मी सीटखाली टॉर्च मारला तर प्लॅस्टिकची पाण्याची बाटली. गाडी उतारावर गेली किंवा जोरात ब्रेक लागला की बाटली पुढे घरंगळायची आणि लोंबकळणाऱ्या कनेक्टरला बरोबर ठोकायची. बाटली काढली, दोन पिना बदलल्या, कनेक्टर परत सांगाड्याला पक्का बसवला, संपलं काम. आधीची मॅट बदललेली फुकटच गेली.

हा कनेक्टर साफ करायचा तर इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनर वापरा, गंज सोडवणारा तेलकट स्प्रे नको, त्यावर धूळ बसते आणि चार महिन्यांनी परत तेच. पॉलिश पेपरने घासू नका, राहिलेला मुलामाही जाईल. त्याच मापाची सुटी पिन समोरच्या छिद्रात घालून बघा, ओढताना जरा घट्ट लागली पाहिजे, सैल सुटली तर ते टर्मिनल सैल झालंय आणि साफ करून काही होणार नाही, टर्मिनलच बदलायचं. हिरवट किंवा पांढरा बुरा दिसला तर पाणी गेलंय, मग कार्पेट उचलून खाली ओल आहे का बघा, कारण ते पाणी कुठून आलं ते शोधलं नाही तर सगळं परत करावं लागेल. कार्पेटखाली चिखलाचा थर किंवा सीटच्या रेलला गंज दिसला तर गाडी पाण्यात बुडालेली असू शकते आणि मग प्रश्न एका सेन्सरपुरता राहत नाही.

वायर तुटलेली सापडली तर आधी मॅन्युअल बघायचं, काही कंपन्या एअरबॅगच्या वायरला जोड द्यायला सरळ मनाई करतात, पूर्ण हार्नेस, म्हणजे वायरींचा अख्खा जुडगाच, बदलायला सांगतात. जिथे परवानगी आहे तिथे क्रिम्प केलेला, म्हणजे दाबून बसवलेला जोड आणि वर हीट श्रिंक, म्हणजे तापवल्यावर आवळणारी नळी. सोल्डर करू नका, सोल्डरच्या कडेला वायर कडक होते आणि सीटच्या हालचालीने बरोबर तिथेच तुटते. दोन वायरी एकमेकींना पिळलेल्या असतील तर तो पीळ जोडापर्यंत तसाच ठेवा.

बकलकडेही बघायचं, लोक ते विसरतात. बेल्ट लावलाय का नाही हे मॉड्यूल सीटच्या माहितीबरोबरच बघतं. काही बकलमध्ये साधा स्विच नसतो, आत दोन रेझिस्टर असतात, बेल्ट काढला की एक आकडा आणि लावला की दुसरा, म्हणजे मीटरवर 'ओपन' कधीच यायला नको. काहींमध्ये चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर असतो, तो तर ओहमवर मोजताच येत नाही, लोक ओहम मीटर लावून बकल गेलं म्हणून सांगतात. लाइव्ह डेटात बेल्ट लावा-काढा करून बघणं सगळ्यात सोपं. आणि बकलमध्ये नाणं किंवा चॉकलेटचा कागद गेलेला मी कितीतरी वेळा काढलाय.

हे सगळं ठीक असेल आणि तरी कोड करंट राहत असेल तर मग सेन्सरच गेला असं म्हणायला हरकत नाही. इथे भंगारातली सीट आणून बसवायचा मोह होतो, स्वस्त पडते, पण मी ते काम घेत नाही. त्या सीटमधली साइड एअरबॅग कुठल्या गाडीतली, ती गाडी ठोकलेली की बुडालेली, काहीच माहीत नसतं. आणि जेलच्या पिशवीवाल्या पद्धतीत फोम, पिशवी, प्रेशर सेन्सर आणि मॉड्यूल हे कारखान्यात एकत्र कॅलिब्रेट करून, म्हणजे वजनाचा आकडा बरोबर येईल असे एकमेकांशी जुळवून, एका किटमध्ये येतात, त्यातला एकच तुकडा बदलायचा नसतो. फोम जरा मऊ किंवा कडक निघाला की वजनाचा आकडा बदलतो. मॅटचंही तेच, जुन्या फोमवरून सोलून काढलेली मॅट दुसऱ्या फोमवर कधीच सपाट बसत नाही. चॅसी नंबर देऊन नवीनच मागवा. उरलेली सीट जुनीच वापरायची, अख्खी सीट बदलायची गरज क्वचितच पडते, हे त्या पहिल्या माणसाला सांगा.

मॅट बदलताना सीटचं कव्हर ज्या तारेच्या रिंगांनी आवळलेलं असतं त्या कापून नवीन टाकायच्या, जुन्या परत वाकवून लावल्या की दोन महिन्यांत सुटतात. सीट हीटर असेल तर त्याचं पॅड वर असतं, ते फाटू देऊ नका. मॅट फोमवरच्या खुणांना बरोबर जुळवायची, एकही सुरकुती नको, कारण सुरकुती म्हणजे कायमचा दाब, गाडीला रिकाम्या सीटवरही कोणीतरी बसलंय असं वाटेल. बसवताना बोटांनी टोचायचं नाही, तळहाताने दाबायचं.

सीट परत बसवताना बोल्ट अंदाजाने आवळू नका. लोडसेलच्या गाडीत तर बोल्ट कुठल्या क्रमाने आणि किती टॉर्कने, म्हणजे किती जोराने, आवळले यावर वजनाचा आकडा अवलंबून असतो, सांगाडा जरा पिळला गेला तरी चारपैकी एका कोपऱ्यावर खोटं वजन येतं. मॅन्युअलमधला आकडा बघून टॉर्क रेंचनेच आवळायचे. रेलखाली कार्पेटची घडी किंवा वायर अडकली नाही ना तेही हात फिरवून बघा.

आणि यानंतर शून्याचं कॅलिब्रेशन, जे निम्मे लोक करतच नाहीत. सपाट जागेवर गाडी, सीट पूर्ण रिकामी, मॅन्युअल सांगेल त्या जागी सीट सरकवलेली, आणि स्कॅनरमधून झीरो पॉइंट. टोयोटाच्या लोडसेल पद्धतीत यानंतर सीटवर ३० किलोचं वजन ठेवून बघतात, वाचन २७ ते ३३ किलोच्या मध्ये आलं तर पास. तुमच्या गाडीची पद्धत वेगळी असू शकते, पण कॅलिब्रेशन लागतं का हे विचारल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, कारण कॅलिब्रेशन चुकलं तर लाइट जाते आणि वजन मात्र चुकीचंच मोजलं जातं, म्हणजे बघायला सगळं ठीक आणि आत बिघाड तसाच.

काम झाल्यावर स्वतः तपासा. इग्निशन चालू केल्यावर एअरबॅगची लाइट काही सेकंद लागली पाहिजे आणि मग विझली पाहिजे. ती सुरुवातीला लागलीच नाही तर आनंद मानू नका, कोणीतरी मीटरमधली लाइटच बंद केलेली असू शकते. पुढची जुनी गाडी घेताना हे सगळ्यात आधी बघा. मग सीट रिकामी ठेवून, अंगाने बारीक अशा प्रौढ माणसाला बसवून आणि भारी माणसाला बसवून 'पॅसेंजर एअरबॅग ऑफ'चा दिवा मॅन्युअलमध्ये लिहिलंय तसाच वागतोय का बघा, रिकाम्या सीटला तो काही गाड्यांत लागतो आणि काहींत लागत नाही, म्हणून मॅन्युअल समोर ठेवूनच. सीट पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे नेऊनही एकदा बघा. आठ-दहा दिवस गाडी चालवा, खड्ड्यांतून, उतारावरून, आणि परत एकदा स्कॅन करा, लाइट लागली नसली तरी हिस्टरीमध्ये कोड आलेला असू शकतो, आणि आला असेल तर कनेक्टर अजून कुठेतरी हलतोय.

तुमच्या गाडीचं मॉडेल, वर्ष, सीटच्या मॉड्यूलमधला पूर्ण कोड आणि तो करंट का हिस्टरी एवढं मिळालं की कुठल्या पिनेपासून सुरुवात करायची ते नेमकं सांगता येईल. तोपर्यंत सीटखाली टॉर्च मारून तो कनेक्टर क्लिपमध्ये आहे का लोंबकळतोय एवढं बघून ठेवा, हात न लावता.